मागोव्याचा मूळस्थान दाखला

सोमवारी सकाळी साडेआठच्या सुमारास 'मागोवा' हा शब्द कासारखेडे गाव सोडून पायी निघून गेला.

त्याला जाताना दोघांनी पाहिले. एक दूधवाला, ज्याला वाटले की शब्द फिरायला निघाला असेल. दुसरी तहसील कचेरीसमोरची झेरॉक्सवाली. आदल्या शुक्रवारी तो हातात नोटीस घेऊन कचेरीच्या पायऱ्या उतरताना तिने पाहिला होता. "तोंड उतरलं होतं बिचाऱ्याचं," असे तिने नंतर सांगितले.

नोटीस नेहमीचीच होती. कासारखेडे तालुक्यात शासकीय वापरातल्या प्रत्येक शब्दाला मूळस्थान दाखला काढावा लागतो. कुठून आला, कोणत्या वाटेने आला, घेऊन कोण आले, हे पंधरा दिवसांत सिद्ध करायचे. नाही जमले तर तालुक्याच्या वापरातून नाव कमी. आदल्या महिन्यात 'ताबडतोब' हा शब्द असाच कमी झाला आणि कचेरीत ते कोणाच्या लक्षातही आले नाही. 'मागोवा'ची गोष्ट वेगळी होती. बाकीच्या शब्दांची मुळे हुडकण्याच्या कामावर कचेरीने त्यालाच नेमले होते. अकरा वर्षे त्याने दुसऱ्यांचे आजे-पणजे शोधून दिले, आणि मग एके दिवशी कोणाच्या तरी ध्यानात आले की याच्या स्वतःच्या फायलीत एकही कागद नाही.

ज्या गावच्या शिवारात शब्द असेल त्याच शिवारात तो बोलता-लिहिता येतो, हे सर्वांना माहीत आहे. छापून गेलेल्याला तेवढी ही अट नाही. 'मागोवा' कासारखेड्यात राहत असल्यामुळे आजूबाजूच्या गावांना तो लागलाच तर लोक एसटीने येऊन वापरून जात. सोमवारी नऊ वाजल्यापासून मात्र कासारखेड्यातच पंचाईत झाली. माणसे बोलत बोलत त्या शब्दापाशी येत, तोंड उघडत, हवेत जरा चाचपडत आणि पुढचा शब्द धरून वाक्य कसेबसे पलीकडे नेत.

सर्वांत मोठी अडचण झाली ती इंदुमती देवरे यांची. देवरेताई साप्ताहिक 'खणखणीत'मध्ये बत्तीस वर्षे बातमीदार. अर्थशास्त्राच्या पदवीधर, आवाज चढा, चप्पल नेहमी चालण्याची. तालुक्यातले निम्मे अधिकारी त्यांना पाहून जेवायची सुट्टी लवकर घेत. त्यांच्या सदराचे नावच 'मागोवा' होते, आणि त्यात भोरटेकच्या पाइपांवर सहा भागांची लेखमाला चालू होती.

भोरटेकला एकशे चाळीस घरांच्या भिंतींवर नळ बसवून दोन वर्षे झाली होती. नळ चांगले होते, डावीकडे-उजवीकडे फिरत होते. त्यांच्या मागे पाइप नव्हता. बायका रोज सकाळी नळ पुसून दोन कोसांवरच्या विहिरीवर जात. पाइप गोदामातून निघाल्याची पावती होती आणि भोरटेकला पोचल्याचीही पावती होती. देवरेताईंनी पाच भागांत गोदामापासून तीन ट्रकांची वाट धरत पाइप मोहगव्हाणच्या फाट्यापर्यंत आणून ठेवले होते. पुढे ते कुठे वळले, हे सहाव्या भागात यायचे होते, आणि ते त्यांना अजून ठाऊक नव्हते.

'खणखणीत'चे मालक-संपादक शांतिलालशेठ यांनी दुपारी त्यांना बोलावले.

"ताई, नाव बदलून टाका. 'शोध' घ्या. कचेरीत बसलेलाच असतो, दाखला पण आहे त्याच्याकडे."

"शेठ, अभियंता साहेबांचं पत्र वाचलंत तुम्ही?"

"वाचलं होतं. लांब होतं."

देवरेताईंनी पर्समधून पत्र काढून वाचून दाखवले. 'सदर लेखमाला त्याच मथळ्याखाली, खंड न पडता पूर्ण झाल्यास, तीत नमूद ठिकाणी आढळणारे पाइप भोरटेक ग्रामस्थांनी घेऊन जाण्यास या कार्यालयाची हरकत नाही.' पाणीपुरवठा खात्याच्या अभियंत्याने हे बिनधास्त लिहून दिले होते, कारण लेखमाला पूर्ण होईल असे त्याला वाटत नव्हते.

"त्याच मथळ्याखाली," ताई म्हणाल्या. "खंड न पडता. बदलू नाव?"

शेठ खुर्चीत हलले. "गुरुवारी अंक. बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत शब्द जागेवर असला तर छापतो. नसला तर त्या जागी कैरीच्या लोणच्याची कृती जाईल. जुळवून ठेवलीय."

"एकशे चाळीस घरं कोरडी आणि तुम्ही लोणचं घालताय!"

"लोणच्याला पाणी लागत नाही, ताई. उलट पाणी लागलं की बुरशी येते."

देवरेताई तिथून तडक तहसील कचेरीत गेल्या. शब्दमूळ कक्षात त्र्यंबक सोनवणे नावाचे वरिष्ठ कारकून बसत. नोटिशीवर सही त्यांचीच होती. माणूस सज्जन, पण नियमाबाहेर श्वासही न घेणारा.

"पळवून लावलात ना त्याला?"

"पळवून नाही, ताई. नोटीस बजावली. गेला तो स्वखुशीनं. जावक रजिस्टरला नोंद आहे."

"परत आणा."

"आणायचा तर आधी तो कुठे गेला याचा..." सोनवणे थांबले. तोंड तसेच उघडे राहिले. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलून वेळ मारून नेली. "...ते बघावं लागेल. आणि ते बघणाराच रजेवर आहे."

"रजेवर? पळालाय तो!"

"गैरहजर लिहिलं तर शिस्तभंग होतो. अकरा वर्षांत एक डाग नाही त्याच्या नोकरीला."

"मग पायांच्या खुणा बघत जाऊ. रस्ता धुळीचा आहे, शब्द काही उडत गेला नाही. पागी आणते मी. तुम्ही चला माझ्याबरोबर."

"मी? कोणत्या नियमानं?"

"आला नाहीत तर सातवा भाग तुमच्यावर लिहीन, त्या नियमानं."

सोनवण्यांनी दप्तरात कोरे फॉर्म भरले.

रतनबाई पागी गावाच्या टोकाला राहत. पागी म्हणजे जमिनीवरचे ठसे वाचून चोर हुडकणारे. त्यांच्या घराण्यात चार पिढ्या हेच काम. हल्ली चोर मोटारसायकलवरून येत असल्यामुळे रतनबाईंना काम कमी होते, नजर मात्र तशीच होती. मंगळवारी सकाळी त्यांनी कचेरीच्या दाराशी बसून धूळ पाहिली आणि म्हणाल्या, "हा बघा. तीन-तीनच्या जोडीनं पाऊल टाकतोय. मधलं जरा जड पडतंय. घाईत नव्हता, बाई. विचार करत गेलाय."

ठसे मोहगव्हाणच्या शिवेवर गेले. तिथे तिघांनाही थांबावे लागले, कारण या भागातली रीत जुनी आहे. चोरीचा माग ज्या गावच्या शिवेवर येतो, त्या गावाने तो आपल्या शिवारातून काढून पुढच्या शिवेवर नेऊन दाखवायचा. दाखवता आला नाही तर माल आमच्याकडेच आहे असे कबूल करायचे. गुराढोरांसाठी केलेली ही रीत शब्दांना लागू आहे का, असा मुद्दा मोहगव्हाणच्या सरपंचांनी काढला. सोनवण्यांनी दप्तरातून एक परिपत्रक काढले. त्यात गुरे, भांडी, दागिने 'इत्यादी' असे होते. 'इत्यादी'ची फाइल त्यांनीच मंजूर केली होती. सरपंच वाटेतून बाजूला झाले.

"होता, आमच्याकडे होता," ते म्हणाले. "सोमवारी दहा ते साडेअकरा. अख्ख्या गावानं वापरून घेतला. पुन्हा कधी येतोय!"

माध्यमिक शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक पाठकगुरुजी यांनी त्या दीड तासात शाळेच्या चाळीस वर्षांचा मागोवा घेणारा लेख लिहून काढला होता. शेवटचे पान राहिले तेवढ्यात शब्द गेला, त्यामुळे शाळा एकोणचाळिसाव्या वर्षी थांबली होती.

"मूळ विचाराल तर अगदी सोपं आहे," गुरुजी म्हणाले. "माग म्हणजे वाट. संस्कृतातला मार्ग. तिथूनच आलाय तो."

सोनवण्यांनी पेन उघडले. "संस्कृतचं पत्र आहे? लेटरहेडवर, गोल शिक्क्यासह?"

"अहो, संस्कृत पत्र कसं देईल?"

"मग सोपं कसं?"

"मार्ग नंतरचा, गुरुजी," रतनबाई खाली बघूनच म्हणाल्या. "आमचा आजा सांगायचा, आधी हरीण. हरणाच्या मागं माणूस गेला, म्हणून तर वाट पडली."

"हरणाचा रहिवासी पुरावा?" सोनवण्यांनी विचारले.

गर्दीत झुंबर नावाचा एक शेतकरी उभा होता. दिवाळीत त्याची म्हैस हरवली होती. सोमवारी शब्द गावात आहे असे कळताच त्याने तो घेतला आणि शिवार पालथे घातले. म्हैस मिळाली नाही, पण ती कुठे कुठे चरली, कुठे बसली, कुठे अंग घासले, ते सगळे सापडले. देवरेताईंनी त्याला विचारले, "तुझ्या मते काय अर्थ त्याचा?"

"म्हैस गेल्यावर जे उरतं ते, ताई."

सोनवण्यांनी हे लिहून घेतले. पुराव्याच्या रकान्यात मात्र रेघ मारली.

फाट्यावर तीन वाटा फुटतात. तिन्ही ट्रक इथपर्यंत आल्याचे ताईंनी पाचव्या भागात छापले होते. शब्दाचे ठसे फाट्यावर बराच वेळ घुटमळले होते. एकदा उजवीकडे दहा पावले जाऊन परत आले होते. मग त्यांनी डावी वाट धरली. देवरेताईंच्या कपाळावर आठी पडली; भोरटेकची वाट उजवीकडची होती.

डावीकडचे पहिले गाव नांदखोरे. तिथले सरपंच शिवेवर हार घेऊन उभे होते. "या, या. आमच्याकडे तो थांबलाच नाही. आला तसा गेला. चला, दाखवतो." त्यांनी तिघांना थेट ओढ्याकडे नेले. ओलसर वाळूत तीन-तीनच्या जोडीने स्वच्छ ठसे उमटले होते, रांगोळी काढल्यासारखे.

रतनबाई दोन पावले चालल्या आणि उभ्या राहिल्या. "ही शब्दाची पावलं नव्हेत. हा तुमचा शिपाई. वाकून हाताची बोटं रोवत गेलाय, अन् दर वीस पावलांवर तंबाखू थुंकलाय."

"शब्द तंबाखू खात नसेल कशावरून?" सरपंच म्हणाले.

"अकरा वर्षांत एक डाग नाही," सोनवणे थंडपणे म्हणाले.

सरपंचांनी कबूल केले. चोरीचा माल गावावर नको, म्हणून त्यांनी आदल्या संध्याकाळीच शिपायाला ओढ्यावर पाठवले होते. खरा माग दुसरीकडून, गावाला वळसा घालून, धामणदरीकडे गेला होता. या भानगडीत मंगळवारचा दिवस गेला. तिघांनी नांदखोऱ्याच्या चावडीत मुक्काम केला. सोनवण्यांनी मुक्कामाचे कारण म्हणून 'शब्द' असे लिहिले.

बुधवारी सकाळी नऊ वाजता माग धामणदरीच्या शिवारात शिरला आणि गट नंबर दोनशे सतराच्या कुंपणाशी थांबला. ती पंचायत समितीचे माजी सभापती आप्पासाहेब ठोसरे यांची डाळिंबाची बाग होती. भोवती पुरुषभर उंचीची भिंत, वर काचा. ठसे फाटकाखालून आत गेले होते. रतनबाईंनी भिंतीभोवती पूर्ण फेरी मारली.

"आत गेलाय. बाहेर आलेला नाही."

आप्पासाहेब पांढऱ्या कपड्यांत फाटकावर आले. मागोमाग धामणदरीचे पंधरा-वीस लोकही जमले.

"काय देवरेताई, आज आमच्यावर घसरलात?"

"आम्ही नाही घसरलो, आप्पा. ठसे घसरलेत तुमच्या बागेत. शब्द आत आहे."

"कसला शब्द? ओ सोनवणे, मी तीस वर्षं सार्वजनिक जीवनात आहे. माझ्या बागेत असला कुठला शब्दबिब्द नाही. तरी तुमची तक्रार आहे म्हणता, तर मी स्वतः या प्रकरणाचा सखोल मागोवा घेतो आणि..."

फाटकापाशीच्या सगळ्यांनी एकदम आप्पासाहेबांच्या तोंडाकडे पाहिले.

"काय झालं?" आप्पासाहेब म्हणाले.

"बोललात," देवरेताई म्हणाल्या. "पूर्ण बोललात. न अडखळता."

सोनवण्यांनी घड्याळ पाहून वेळ लिहिली. "नऊ वाजून बावीस. मालकाच्या तोंडून स्पष्ट उच्चार. साक्षीदार हजर."

रतनबाई म्हणाल्या, "आप्पा, रीत माहिती आहे तुम्हाला. माग बाहेर काढून दाखवा, नाहीतर माल तुमच्याकडे आहे म्हणा."

आप्पासाहेबांनी भिंतीकडे पाहिले. काचा त्यांनीच लावून घेतल्या होत्या, माग तिथून निघणे शक्य नव्हते. "म्हणजे मी चोर?"

"तसंच काही नाही," सोनवणे म्हणाले. नियम सांगायची वेळ आली की त्यांचा आवाज मऊ होई. "शब्द तुमच्याकडे सापडला तर दोन शक्यता. एक, चोरून आणलेला. त्याला नमुना नऊ, तो पोलिसांकडे जातो. दुसरी, तो मूळचा इथलाच आणि आपल्या गावी परत आलाय. त्याला नमुना चार. मूळस्थान दाखला."

"दाखल्यावर काय येतं?"

"शब्दाचं नाव. मूळ जागा. मालकाचं नाव. पुढे जिथे जिथे शब्द वापरला जाईल, तिथे कंसात हे सगळं द्यावंच लागतं."

"जिथे जिथे?"

"सगळीकडे. भाषणात, वर्तमानपत्रात, विधानसभेत."

आप्पासाहेबांचा चेहरा सकाळच्या उन्हात उजळत गेला. "मग असं आधी नाही का सांगायचं! इथलाच आहे तो. माझे पणजोबा याच बांधावर बसून घ्यायचे. काय घ्यायचे? मागोवा घ्यायचे! रोज! काय रे?" लोकांनी माना डोलावल्या. आपल्या गावचा शब्द आहे म्हटल्यावर कोण नाही म्हणणार?

"पुरावा?" देवरेताई न राहवून म्हणाल्या. "संस्कृतला शिक्का मागता, हरणाला रहिवास मागता, आणि यांच्या पणजोबांना काही नाही?"

"मालकाची कबुली हा सर्वोच्च पुरावा," सोनवणे म्हणाले. "संस्कृत कबूल झालं असतं तर संस्कृतला दिला असता."

देवरेताईंचा हात भांडायला वर गेला होता. तेवढ्यात सोनवण्यांनी पुढचे वाक्य वाचले. "मात्र नमुना चारसोबत मूळ जागेचा पंचनामा जोडावा लागतो. जागेवर जे जे आहे ते सर्व, जमिनीवर आणि जमिनीखाली दोन फुटांपर्यंत. मालकाची संमती लागेल."

ताईंनी हात खाली घेतला.

"लिहा, लिहा," आप्पासाहेब सही करत म्हणाले. शब्दमूळ कक्ष शब्द मोजतो, बाकी कशाकडे बघत नाही, अशी त्यांची समजूत होती. "लपवण्यासारखं काय आहे? घरचं कार्य आहे."

पंचनामा अडीच तास चालला. डाळिंबाची झाडे तीनशे चाळीस. विहीर एक. मोटार दोन. खुरपी सहा. बागेच्या रस्त्याकडच्या कडेला, फाटकाच्या आतच, हिरव्या जाळीच्या कापडाखाली काहीतरी तटबंदीसारखे रचलेले होते. सोनवण्यांनी कापड उचलले. खाली पाइप होते, एकावर एक, सहाशे बारा. आणि त्या ढिगावर, पाय खाली सोडून, 'मागोवा' बसला होता. दमलेला होता. कुणीतरी त्याला पाणी दिले.

देवरेताई ढिगासमोर उभ्या राहिल्या. दोन वर्षे, पाच भाग, तीन ट्रक. त्यांनी पाइपावरचा भोरटेक योजनेचा शिक्का बोटाने पुसून पाहिला. मग शब्दाकडे पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "सांगून तरी जायचं."

सोनवण्यांनी शब्दाचा जबाब घेतला. शब्दाला स्वतःखेरीज दुसरे काही बोलता येत नाही, त्यामुळे जबाब एका ओळीत आटोपला. त्याखाली त्यांनी शेरा मारला, 'सुसंगत वाटतो.' मग पंचनाम्यात लिहिले, 'पाइप, सहाशे बारा नग, भोरटेक शिक्क्याचे, थंड.' आप्पासाहेबांनी त्याखालीही सही केली. त्यांचे लक्ष फोनवर होते. ते रंगाऱ्याला शब्दाच्या जन्मस्थानाच्या फलकाचा मजकूर सांगत होते.

दाखला मिळाल्यावर शब्द बिनतक्रार परत यायला तयार झाला. तिघे आणि शब्द दुपारच्या एसटीने निघाले. दाखल्यावर वयाचा रकाना कोरा होता, म्हणून कंडक्टरने त्याला ज्येष्ठ धरून खिडकीपाशी बसवले. संध्याकाळी सहाला पाच मिनिटे असताना देवरेताई 'खणखणीत'मध्ये शिरल्या. शांतिलालशेठ लोणच्याच्या कृतीत मीठ किती ते तपासत होते.

"शेठ, काढा ते."

"मागोवा?" शेठ म्हणाले, आणि आपल्याच तोंडाकडे हात नेऊन चकित झाले.

सहावा भाग लिहायला ताईंना फारसा वेळ लागला नाही. पाइप कुठे आहेत हे त्यांना मजकुरात वेगळे सांगावेच लागले नाही. शब्दाचे मूळ कंसात देणे आता सक्तीचे होते. गुरुवारच्या अंकात सदराचे नाव नियमानुसार असे छापले गेले: 'मागोवा (मूळ: गट नंबर दोनशे सतरा, धामणदरी, मालक आप्पासाहेब ठोसरे).' खाली पंचनामा जसाच्या तसा.

आप्पासाहेबांनी चाळीस अंक मागवले. मथळ्यापुरता कापून एक चौकटीत लावला. खालचे बारीक अक्षर वाचायला त्यांना चष्मा लागतो.

शुक्रवारी सकाळी भोरटेकचे लोक सात ट्रॅक्टर घेऊन धामणदरीला आले. अभियंत्याचे पत्र त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या तुळसाबाईंच्या कमरेला खोचलेले होते. आप्पासाहेब फाटकावर स्वागताला उभे होते. आत्तापर्यंत शब्दाचे जन्मस्थान बघायला कोणीच आले नव्हते, आणि आज एकदम सात ट्रॅक्टर. त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला. देवरेताई वही घेऊन बाजूला बसल्या.

फलक कासारखेड्यात रंगवून रात्रीच लागला होता. निळ्यावर पांढरा, चांगला आठ फुटी. पण रस्त्यावरून, फाटकातून तो दिसत नव्हता. आप्पासाहेबांनी रस्त्यावर जाऊन, वाकून, टाचा उंचावून पाहिले.

"या पाइपांमुळे सगळा घोळ झालाय," ते वैतागून म्हणाले. "फलकच झाकला जातोय."

"आम्ही हलवू का, आप्पा?" तुळसाबाईंनी बशी खाली ठेवत विचारले. "आलोच आहोत तर."

"फार उपकार होतील."

भोरटेकच्या लोकांनी वाद घातला नाही. कपबशा विसळून ठेवल्या आणि कामाला लागले. आप्पासाहेब रस्त्याच्या मधोमध उभे राहून हाताने दाखवत होते, अजून थोडे डावीकडचे, आता खालची रास, सांभाळून. पत्र कमरेलाच राहिले. बाराच्या सुमाराला शेवटचा पाइप ट्रॉलीवर चढला आणि फलक रस्त्यावरून पहिल्यांदा नीट दिसला. आप्पासाहेबांनी तो मोठ्याने वाचला, एका शब्दापाशी तेवढे चाचपडून. भोरटेकच्या एकशे चाळीस घरांनी टाळ्या वाजवल्या आणि ट्रॅक्टर सुरू केले.